रॅकमधली फायरवॉल आजारी पडली की: खान्देशातून नेहमी येणारे प्रश्न

कॉलेज, जिनिंग, दवाखाना, पतसंस्था, एमआयडीसीतली युनिटं, अशा ठिकाणी वन-यू किंवा टू-यू (रॅकच्या एक किंवा दोन खणांच्या उंचीच्या) सर्व्हरवर पीएफसेन्स नाहीतर ओपीएनसेन्स हे सॉफ्टवेअर टाकून फायरवॉल, म्हणजे आतलं नेटवर्क आणि बाहेरचं इंटरनेट यांच्यामधला पहारेकरी, चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा, चोपडा इकडून फोनवर जे प्रश्न परत परत येतात तेच इथे घेतलेत. रूल कसे लिहायचे, व्हीपीएन कसं लावायचं हे इथे नाही, इथे फक्त लोखंडाचं बघायचं.

नेट बंद पडलं की सगळे फायरवॉलकडे बोट दाखवतात. बॉक्सच खराब झालाय हे ओळखायचं कसं?

"दादा, नेट चाली नही राह्यनं" असा फोन आला की मी आधी एकच विचारतो, आतल्या एखाद्या कॉम्प्युटरवरून फायरवॉलच्या लॅन आयपीला (आतल्या नेटवर्कवरच्या तिच्या पत्त्याला) पिंग जातंय का. जात असेल आणि तिचं वेब पेजही उघडत असेल तर बॉक्स जिवंत आहे, मग गेटवेचं स्टेटस बघा, तिथे लॉस (वाटेत हरवलेली पॅकेट) दिसत असेल तर बाहेरची लाईन, मोडेम, फायबरचा डबा हे आधी तपासायचं आणि सर्व्हरला हात लावायचा नाही.

लॅन आयपीच उत्तर देत नसेल तर बीएमसीच्या आयपीला पिंग करा (बीएमसी काय ते पुढे सांगतो). बीएमसी बोलतेय आणि पॉवर ऑन दाखवतेय म्हणजे बोर्डाला वीज आहे, सिस्टीम हँग झालीय किंवा नेटवर्क कार्ड गेलंय, अशा वेळी रिमोट कन्सोल उघडून स्क्रीनवर काय लिहिलंय त्याचा फोटो काढा आणि मगच रिस्टार्टचा विचार करा, कारण रिस्टार्ट केलं की स्क्रीनवरचा शेवटचा मजकूर गेला आणि तोच आपल्याला हवा असतो. बीएमसी पण गप्प असेल तर स्विच, केबल, पॉवर सप्लाय, बोर्ड या क्रमाने बघायचं.

आणि वेळ लिहून ठेवा, घड्याळातली. "दुपारी कधीतरी बंद पडलं" याचा काही उपयोग होत नाही, "३ वाजून ४० मिनिटांनी" याचा होतो.

बीएमसी म्हणजे नेमकं काय? माझ्या सर्व्हरमध्ये असेल का?

मदरबोर्डवर बसवलेला एक छोटा वेगळा कॉम्प्युटर. सर्व्हर बंद असला तरी वायर लावलेली असेपर्यंत तो स्टँडबाय विजेवर जागा असतो, स्वतःचा आयपी ठेवतो, पंख्यांचा वेग, तापमान, व्होल्टेज मोजतो आणि काय बिघडलं ते स्वतःच्या लॉगमध्ये लिहून ठेवतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीमध्ये आयएलओ, सुपरमायक्रोमध्ये लोक सरळ आयपीएमआयच म्हणतात (खरं तर ती बीएमसीशी बोलायची भाषा). मागच्या बाजूला बाकी पोर्टांपासून सुटं एक नेटवर्क पोर्ट दिसत असेल तर बहुतेक ते त्याचंच.

आमच्याकडे निम्म्याहून जास्त ठिकाणी या पोर्टात कधी केबलच लागलेली नसते. सर्व्हर घेतला, फायरवॉल टाकली, चालू झाली, संपलं. आज संध्याकाळी एकच काम करणार असाल तर ती केबल लावा, बाकी सगळं त्यानंतर.

बीएमसीच्या लॉगमध्ये बघायचं काय?

दोन गोष्टी. एक इव्हेंट लॉग, एक सेन्सरची यादी. एखाद्या लिनक्स मशीनवर आयपीएमआयटूल हा प्रोग्राम टाका, लॅनप्लस इंटरफेस देऊन बीएमसीच्या आयपीला जोडा आणि 'एसईएल ईलिस्ट' द्या, सगळ्या घटना तारखेनिशी येतात. 'एसडीआर ईलिस्ट' दिलं की सेन्सर येतात. मी हे मुद्दाम दुसऱ्या मशीनवरून करायला सांगतो कारण फायरवॉलची सिस्टीम हँग असली तरी हे चालतं.

सेन्सरपुढे ओके असेल तर ठीक. एनसी दिसलं तर मर्यादेच्या जवळ गेलंय पण काम चालू आहे, सीआर म्हणजे धोक्याच्या पुढे, एनआर म्हणजे सावरण्याच्या पलीकडे. एनसी दिसलं की त्याच आठवड्यात बघायचं, बरेच जण सीआर येईपर्यंत थांबतात.

लॉग वाचताना दोन ठिकाणी लोक फसतात. बीएमसीचं घड्याळ वेगळं असतं आणि ते कोणी लावलेलं नसतं, मग लॉगमध्ये १९७० नाहीतर भलत्याच वर्षाच्या तारखा येतात, म्हणून आधी 'एसईएल टाईम गेट' करून तपासा. दुसरं म्हणजे या लॉगला जागा थोडी असते आणि काही बोर्डांवर तो भरला की नवीन नोंदी घ्यायचं थांबतो. जुना लॉग फाईलमध्ये उतरवून घ्या आणि मगच साफ करा, न उतरवता साफ केला तर रोग्याचा जुना केसपेपर फाडल्यासारखं होतं.

बीएमसी लावली तर हॅकिंगचा धोका नाही का?

आहे, आणि फायरवॉलवर तो जास्त आहे. सुपरमायक्रोच्या बऱ्याच बोर्डांवर बीएमसीचं नेटवर्क मूळात फेलओव्हर मोडवर येतं, म्हणजे सुट्या पोर्टात केबल नसेल तर ती गुपचूप लॅन-वन पोर्टावर जाऊन बसते. आता तुम्ही त्या लॅन-वनलाच बाहेरची लाईन जोडली असेल तर? तुमच्या फायरवॉलचा आतला डॉक्टर थेट रस्त्यावर उभा, आणि तुमचे रूल त्याला लागू नाहीत कारण तो रूलच्या खालच्या थरावर बसलाय. सेटिंगमध्ये जाऊन डेडिकेटेड करा, म्हणजे ती फक्त सुट्या पोर्टावरच राहील.

पासवर्ड बदला. जुन्या आयड्रॅकचा रूट आणि कॅल्विन, जुन्या सुपरमायक्रोचा अॅडमिन अॅडमिन, हे जगाला पाठ आहेत. एचपीच्या आयएलओ-४ मध्ये २०१७ साली असं भोक सापडलं होतं की वेब विनंतीच्या हेडरमध्ये २९ वेळा 'ए' हे अक्षर पाठवलं की लॉगिनच लागत नव्हतं, म्हणून फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करणं टाळू नका. बीएमसी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवर वेगळं काढलेलं नेटवर्क) ठेवा, तिचं ६२३ नंबरचं यूडीपी पोर्ट बाहेर कधीच उघडू नका.

आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा जातो. सर्व्हर किती सहन करतो?

सर्व्हर बाहेरचं तापमान बघत नाही, समोरच्या जाळीतून आत शिरणाऱ्या हवेचं बघतो, त्याला इनलेट म्हणतात. अॅश्रे या संस्थेची शिफारस १८ ते २७ अंशांची आहे. बहुतेक रॅक सर्व्हर इनलेटला ३५ पर्यंतसाठी बनवलेले असतात, काही ४० नाहीतर ४५ पर्यंत चालतात. भुसावळला पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी तीन वाजता ३५ कुठे राहतं?

आणखी एक घोळ असा की एसी दिवसा चालतो. संध्याकाळी सात वाजता साहेब घरी जातात, शिपाई इमानदारीने एसी बंद करतो, दार लावतो, आणि सर्व्हरची खोली रात्रभर शिजत राहते. इनलेटचा आलेख काढा, रात्री नऊनंतर चढ दिसला की समजून घ्या. अशा ठिकाणी मी एसीपेक्षा एक्झॉस्ट फॅन आणि उघडी जाळी आधी सुचवतो, एप्रिल-मे सोडून बाकी दिवस रात्रीची हवा पुरते.

प्रोसेसरचं तापमान बघायचं तर इंटेलला कोअरटेम्प, एएमडीला एएमडीटेम्प ड्रायव्हर लावा, डॅशबोर्डवर आकडा येतो. सतत ८५ च्या वर राहत असेल तर काहीतरी अडलंय. पण मी एका आकड्यापेक्षा फरकावर जास्त विश्वास ठेवतो, मागून बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान वजा समोरून शिरणाऱ्या हवेचं. लोड तेवढाच आणि हा फरक महिन्या-महिन्याला वाढतोय म्हणजे आतून हवाच कमी वाहतेय, मग धूळ किंवा पंखा.

उष्णतेने लगेच बंद पडतं असं नाही, आयुष्य खाल्लं जातं. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात, यूपीएसच्या सीलबंद बॅटरीचंही तसंच. मेमध्ये भाजलेला बॉक्स दिवाळीत मरतो आणि लोक म्हणतात आता तर थंडी आहे, कसा गेला?

झाकण काढून टेबल फॅन लावला तर?

नका लावू. वन-यू मध्ये पंखे हवा समोरून ओढून प्लास्टिकच्या आवरणातून प्रोसेसरवरून मागे ढकलतात, झाकण काढलं की ती हवा मधूनच वर निसटते आणि हीटसिंकपर्यंत पोचतच नाही, प्रोसेसर उलट जास्त तापतो.

धूळ किती दिवसांनी साफ करायची?

जागेवर आहे. ऑफिसात सहा महिने. जिनिंग, डाळ मिल, चटईचे कारखाने, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या राखेच्या वाऱ्यातली ठिकाणं, नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्यांजवळची ऑफिसं, इथे सीझनमध्ये दर महिन्याला. वेळापत्रक म्हणून मी लोकांना सांगतो, एकदा पोळ्याच्या आसपास, एकदा जिनिंगचा जोर ओसरला की, आणि एकदा अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी नक्की, कारण खरी परीक्षा त्यानंतरच्या महिनाभरात असते.

एका जिनिंगमधला बॉक्स मला अजून डोळ्यासमोर आहे. तक्रार अशी की दुपारी नेट हळू होतं, संध्याकाळी आपोआप नीट. तिघांनी लाईनवाल्याला शिव्या घातल्या होत्या. झाकण उघडलं तर समोरच्या जाळीच्या आतून रुईचा थर बसलेला, बोटाने कडेला धरून ओढला तर अख्खा तुकडा गोधडीसारखा सोलून हातात आला, जाळीच्या भोकांचे ठसे त्याच्यावर उमटलेले. बाकीचे पंखे ९ हजारावर ओरडत होते आणि तिसरा २ हजारावर, तो बोटाने फिरवला की अर्ध्या फेरीत अडायचा, आसाला तंतू गुंडाळले होते. प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत होता म्हणून नेट हळू. लाईन पहिल्यापासून ठणठणीत होती.

ब्लोअर मारताना सर्व्हर बंद, वायर काढलेली आणि पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर ब्लोअरच्या झोताने पंखा त्याच्या झेपेपलीकडे फिरतो आणि बेअरिंग जातं. जिनिंगवाल्यांनी कॉम्प्रेसरची हवा थेट मारू नका, तिच्यात पाणी आणि तेल असतं.

पंखा जाणार हे आधी कळतं का?

कळतं, कानाने पण कळतं. वन-यूचे ४० मिलिमीटरचे पंखे १० हजार फेऱ्यांच्याही पुढे फिरतात, त्यांचा आवाज एकसारखा शिट्टीसारखा असतो, त्यात खरखर आली किंवा आवाज वर-खाली होऊ लागला तर बेअरिंग सुकतंय. आकड्यांत बघायचं तर एकाच ओळीतल्या पंख्यांची आपसात तुलना करा, चार ८ हजारावर आणि एक ५ हजारावर असेल तर तो आजारी, मग बीएमसी त्याला ओके म्हणत असली तरी. बीएमसीची मर्यादा फार खाली ठेवलेली असते.

लाईट जाते-येते, व्होल्टेज हलतं. यातून वाचवायचं कसं?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, आमच्याकडचे निम्मे बिघाड इथून येतात असं माझं मत आहे.

सर्व्हरचा पॉवर सप्लाय कमी व्होल्टेज बऱ्यापैकी सहन करतो, बरेचसे १०० ते २४० वर चालतात. मारतो तो न्यूट्रल. डीपीवर न्यूट्रल ढिला झाला की २३० च्या जागी ४०० पर्यंत येऊ शकतं आणि मग एका दमात ट्यूबलाईट, एसएमपीएस, यूपीएस सगळं जातं. दिवे अचानक जास्त उजळले, पंखे जोरात फिरले की मेन स्विच पाडायचा, मग वायरमनला फोन.

अर्थिंग मल्टीमीटरने मोजा. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा सुकतो, आणि जानेवारीत १ व्होल्ट दाखवणारा मीटर मेमध्ये १५ दाखवतो. खड्ड्यात पाणी टाकत जा, झाडाला घालता तसं नेमाने.

घरगुती इन्व्हर्टरवर सर्व्हर लावू नका. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर आणि अॅक्टिव्ह पीएफसीचा (लाईनमधून वीज लाटेप्रमाणे सारखी ओढणारा) पॉवर सप्लाय यांचं जमत नाही. शिवाय लाईट गेल्यावर इन्व्हर्टर पलटी मारायला जो वेळ घेतो तेवढा सर्व्हर थांबेलच असं नाही, पूर्ण लोडवर सप्लाय जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो. प्युअर साईन वेव्ह ऑनलाइन यूपीएस घ्या, आणि त्याची डेटा केबल फायरवॉलला नट (एनयूटी) किंवा एपीसीयूपीएसडी या प्रोग्रामने जोडा म्हणजे बॅटरी संपण्याआधी बॉक्स नीट बंद होईल.

दोन पॉवर सप्लाय असलेला सर्व्हर घेतलाय आणि दोन्ही वायरी एकाच एक्स्टेंशन बोर्डात, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता आधी तेच बघतो. दोन वेगळे यूपीएस, शक्य असेल तर दोन वेगळे फेज. आणि तीन महिन्यांतून एकदा एक वायर काढून बघा, दुसऱ्यावर चालतो का, कारण मेलेला दुसरा सप्लाय वर्ष-वर्ष कोणाला दिसत नाही, मागे पिवळा दिवा लागलेला असतो आणि मागे कोण बघतो?

एक नमुना सांगतो. बॉक्स रोज दुपारी ठराविक वेळेला रिस्टार्ट व्हायचा. बीएमसीच्या लॉगमध्ये प्रत्येक वेळी 'एसी लॉस्ट' ही नोंद आणि तिच्या वेळा लिहून काढल्या तर त्याच लाईनवरच्या बोअरची मोटर सुरू करायच्या वेळा निघाल्या. यूपीएसची बॅटरी संपलेली होती, मोटर ओढली की सेकंदभर व्होल्टेज बसायचं आणि यूपीएस हात वर करायचा. बॅटरी बदलली, मोटर वेगळ्या लाईनवर घेतली, बॉक्सला काहीच झालेलं नव्हतं.

वळवाच्या पावसात वीज पडली आणि एकच पोर्ट गेलं. असं कसं?

दोन इमारतींमधून तांब्याची नेटवर्क केबल ओढलेली असेल, बरोबर? दोन्हीकडचं अर्थिंग वेगळं, जवळ वीज पडली की फरकाचा झटका केबलमधून पोर्टात. एक पोर्ट गेलंय तर त्याच कार्डावरच्या शेजारच्या पोर्टांवरही पुढचे काही दिवस नजर ठेवा. दोन इमारतींमध्ये फायबरच टाका, काच वीज वाहत नाही.

डिस्क गेली तरी फायरवॉल चालूच होती म्हणे. खरं आहे का?

अगदी खरं, आणि म्हणूनच घातक. रूल आणि नॅट (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं) मेमरीत चालतात, डिस्क मेली तरी पॅकेट जात राहतात. वेब पेज उघडत नाही, लॉग थांबलेला, नवीन फोनला आयपी मिळत नाही, पण जुने कॉम्प्युटर मजेत चालू, असं दिसलं तर रिस्टार्ट करू नका! एकदा बंद केला की उठणार नाही. आधी कॉन्फिग फाईल कुठूनतरी बाहेर काढायचा प्रयत्न करा, दुसरी डिस्क हाताशी घ्या, मग बंद करा.

आधी ओळखायचं तर स्मार्टसीटीएल, डिस्कची तब्येत सांगणारी कमांड. साध्या साटा डिस्कला ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे न वाचता आलेले, हे शून्य हवेत. एखादा आकडा असेल आणि तो महिनोन् महिने तेवढाच असेल तर मी लगेच घाबरत नाही, वाढत असेल तर डिस्क बदलतो. १९९ नंबर वाढला तर डिस्क नव्हे, केबल किंवा तिचा जोड बघा, उगाच चांगली डिस्क फेकू नका. एनव्हीएमईला 'पर्सेंटेज यूज्ड' आणि 'अव्हेलेबल स्पेअर' बघायचं. सुरिकाटा, एनटॉपएनजी असा ट्रॅफिक तपासणारा प्रोग्राम चालू असेल तर लिखाण खूप होतं आणि स्वस्तातली एसएसडी झिजते. डिस्क रेड कार्डाच्या (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारं कार्ड) मागे असेल तर स्मार्टसीटीएलला कार्डाचा प्रकार सांगावा लागतो, तो न सांगता आलेलं उत्तर कार्डाचं असतं, डिस्कचं नाही.

झेडएफएसवर (डिस्कवर फाईल साठवायची एक पद्धत) असाल तर 'झेडपूल स्टेटस' बघा, रीड, राईट, चेकसम या तिन्ही रकान्यांत शून्य हवं, महिन्यातून एकदा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणी) चालवा. पीएफसेन्समध्ये २०२२ च्या २.६ पासून झेडएफएस मूळातच येतं. दोन एसएसडीचा मिरर (दोन्हींवर तीच प्रत) करा, पण दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच खेपेतल्या नकोत. २०१९ मध्ये एचपीईने जाहीर केलं होतं की त्यांच्या काही सॅस एसएसडी चालू असण्याचे ३२,७६८ तास भरले की कायमच्या बंद पडतात, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास, फर्मवेअरमधली मोजणीची चूक. एकाच दिवशी लावलेल्या दोन डिस्क एकाच दिवशी मेल्या तर मिररचा काय उपयोग? सेकंडहँड सर्व्हरमध्ये एचपीच्या सॅस एसएसडी आल्या असतील तर तास आणि फर्मवेअर दोन्ही बघून घ्या.

कधीही, कसाही रिस्टार्ट होतो. रॅम असेल का?

वेळेचा काही मेळ नाही, बीएमसीत वीज गेल्याची नोंद नाही, तापमान ठीक, आणि क्रॅश रिपोर्ट दर वेळी वेगळ्याच ठिकाणचा, तर रॅमचा संशय घ्या. एकाच ठिकाणचा क्रॅश परत परत येत असेल तर ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर. ईसीसी रॅम असेल तर एका बिटाची चूक ती स्वतः सुधारते आणि लॉगमध्ये एमसीए नावाची ओळ टाकते, दोन बिटांची चूक सुधारत नाही, सांगते फक्त. एमसीएच्या ओळी आठवड्याला एखादी असेल तर लिहून ठेवा, तासाला यायला लागल्या तर ती पट्टी बदलायची. बीएमसी बहुतेक वेळा कोणता स्लॉट तेही सांगते. पट्टी काढून खोडरबराने सोनेरी पट्टा पुसून परत बसवली की बरेचदा प्रश्न मिटतो, धुळीच्या जागी तर हमखास. त्यानंतर रात्रभर मेमटेस्ट, अर्ध्या तासाचा मेमटेस्ट धरू नका.

पोर्टवर एरर वाढतायत. कार्ड खराब?

बहुतेक वेळा नाही. 'नेटस्टॅट' च्या यादीत इनपुट एरर वाढत असतील आणि ते सीआरसीचे (पॅकेट वाटेत बिघडल्याचे) असतील तर केबल, कनेक्टर, मॉड्यूल. केबल बदला, मग दोन्ही टोकांचं पोर्ट बदला, एका वेळी एकच गोष्ट. 'मिस्ड पॅकेट' किंवा 'नो बफर' वाढत असतील तर पॅकेट नीट येतायत, प्रोसेसरला उचलायला वेळ नाही, तिथे कार्ड बदलून काही होणार नाही.

बाहेरच्या लाईनचा मीडिया कन्व्हर्टर १०० फुलवर (१०० एमबीपीएस, दोन्ही बाजू एकाच वेळी बोलणार) बांधलेला असेल आणि तुमचं पोर्ट ऑटोवर, तर तुमची बाजू हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच बाजू बोलणार) पडते आणि लोड आला की नेट रडायला लागतं. दोन्ही ऑटो करा नाहीतर दोन्ही बांधा.

फायबर मॉड्यूल असेल तर 'आयएफकॉन्फिग' ला जास्तीचे व्ही लावून प्रकाशाची पातळी बघता येते. १० गिगाच्या एलआर (लांब पल्ल्याच्या) मॉड्यूलला आत येणारा प्रकाश उणे १४.४ डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) खाली गेला तर चालणार नाही, उणे १२-१३ वर असेल तर आत्ता चालेल पण वाकलेली केबल, मळलेलं टोक शोधा. टोक बनियनने पुसू नका, फायबरचा क्लीनर मिळतो.

रिस्टार्ट झाल्यावर व्हीपीएन लागत नाही, तारीख जुनी दाखवते.

बोर्डवरचा सीआर २०३२ सेल. ३ व्होल्टचा असतो, अडीचच्या खाली गेला की बदला. तारीख चुकली की सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही असं वाटून व्हीपीएन नाकारतं. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे मिळतो, बदलल्यावर बायोसमध्ये 'लाईट आल्यावर आपोआप चालू हो' हे सेटिंग परत लावायला विसरू नका, सेल गेला की तेही जातं आणि मग रात्री लाईट आल्यावर सगळं चालू होतं, फायरवॉल सोडून.

दोन वर्षं छान चालला, साफ करायला बंद केला तो परत उठलाच नाही. माझ्या हातून काही झालं का?

प्रोसेसर कोणता ते बघा. इंटेल अॅटम सी-२००० असेल तर दोष तुमचा नाही. या मालिकेत घड्याळाचा सिग्नल देणारा भाग हळूहळू झिजून मरतो, इंटेलने २०१७ मध्ये एव्हीआर-५४ या नावाने ते मान्य केलं, साधारण दीड वर्षाच्या वापरानंतर धोका वाढतो असं तेव्हा उपकरणं बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं. फायरवॉलच्या लहान बॉक्समध्ये आणि वन-यू मध्ये हा प्रोसेसर खूप वापरला गेला. पुढच्या सी-झिरो स्टेपिंगमध्ये (त्याच चिपच्या सुधारित आवृत्तीत) दुरुस्ती झाली. जुन्या बाजारातून घेताना अॅटम सी-२३५८, सी-२५५८, सी-२७५८ असं नाव दिसलं तर मी घेत नाही, कितीही स्वस्त असो.

एवढं सगळं रोज कोण बघणार? मॉनिटरिंग कशावर लावू?

झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस, दोन्ही फुकट, एखाद्या जुन्या डेस्कटॉपवरही चालतात. झॅबिक्स आयपीएमआय थेट वाचतो. इनलेट, प्रोसेसर, प्रत्येक पंखा, दोन्ही सप्लाय, डिस्कचे ते तीन-चार आकडे, पोर्टचे एरर, यूपीएसची बॅटरी, इतकं घ्या, दोनशे आलेख नकोत, कोणी बघत नाही.

पण फायरवॉलची गोष्ट बाकी सर्व्हरांपेक्षा वेगळी आहे हे नीट लक्षात घ्या. बाकी काही बिघडलं तर त्याचा निरोप फायरवॉलमधून बाहेर जातो. फायरवॉल बिघडली तर निरोप जायचा रस्ताच बंद, टेलिग्रामचा अलर्ट आतच अडकून बसतो आणि तुम्ही घरी निवांत जेवता. म्हणून दोन सोयी करा. आतल्या मॉनिटरिंग मशीनला सिम टाकलेला एक डोंगल लावा, अलर्ट तिकडून जाऊ दे. आणि बाहेरून, दुसऱ्या शाखेतून किंवा स्वस्तातल्या भाड्याच्या सर्व्हरवरून, दर मिनिटाला तुमचा बॉक्स जिवंत आहे का ते विचारलं जाऊ दे, उत्तर तीनदा आलं नाही तर तिकडून फोनवर मेसेज. तसंच फायरवॉलचा सिसलॉग (तिच्या नोंदी) ५१४ पोर्टवरून बाहेरच्या मशीनवर पाठवा, मरताना शेवटी काय बोलली ते तिथे सापडतं.

अलर्टची पातळी उधार घेऊ नका, आपल्या बॉक्सची नोंदवा. नवा असताना, साफ असताना, डिसेंबरच्या सकाळी आणि मेच्या दुपारी काय आकडे होते ते वहीत लिहा. माझ्याकडे प्रत्येक बॉक्सची एक शंभर पानी वही आहे आणि बिघाडाच्या वेळी मी स्क्रीनच्या आधी ती उघडतो.

रिफर्बिश्ड सर्व्हर घेऊ का?

घ्या, पण मोजून घ्या. दोन झिऑन प्रोसेसरचा जुना टू-यू नुसता बसून १५० वॅट खात असेल तर दिवसाला ३.६ युनिट, वर्षाला १,३०० च्या वर, आणि तेवढी उष्णताही तुमच्याच खोलीत. फायरवॉलला एक प्रोसेसर बस्स. घेताना बीएमसीचा लॉग, डिस्कचे तास, दोन्ही सप्लाय आणि सगळे पंखे बघा, आणि पंख्यांचा एक सुटा सेट त्याच दिवशी घ्या, दोन वर्षांनी त्या मॉडेलचा पंखा शोधत नाशिक-मुंबई करावं लागतं.

दुसरा बॉक्स जोडीला ठेवला तर चिंता मिटेल ना?

बरीचशी. कार्प (दोन बॉक्सना एकच आयपी) आणि पीएफसिंक (चालू जोडण्यांची माहिती दुसऱ्याला) लावून दोन बॉक्स जोडीने चालवता येतात, एक गेला की दुसरा काही सेकंदांत गादीवर. दवाखाना आणि पतसंस्थेला तर मी आग्रहच करतो, तिथे नेट बंद म्हणजे माणसं रांगेत उभी राहतात. मात्र दर तीन महिन्यांनी मुद्दाम पहिला बंद करून दुसरा उचलतो का ते बघा. दोन्ही एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर, एकाच धुळीत ठेवले तर दोघांचं दुखणंही एकच राहतं. दुसऱ्या बॉक्सचं बजेट नसेल तर निदान कॉन्फिगची ताजी प्रत आणि दोन नेटवर्क पोर्टांचा एक जुना डेस्कटॉप तयार ठेवा, वेळेला तासाभरात उभा राहतो.

मदतीसाठी फोन करताना काय हाताशी ठेवू?

सर्व्हरचं मॉडेल, बिघाडाची अचूक वेळ, बीएमसीचा पूर्ण लॉग फाईल म्हणून, सेन्सरची यादी, स्क्रीनचा फोटो, पुढच्या आणि मागच्या दिव्यांचा फोटो रंग दिसेल असा. आणि गेल्या पंधरा दिवसांत काय बदललं तेही सांगा, नवीन एसी, नवीन मोटर, शेजारी वेल्डिंगचं काम, रॅक हलवला, रंग दिला, काहीही. "काहीच बदललं नाही" म्हणायच्या आधी एकदा शिपायाला विचारा, दिवसभर त्या खोलीत ये-जा त्याचीच असते.